बोरी अरबचं ङाम-ङाम प्रकरण

“लिही,” घनश्यामराव म्हणाले, “विदर्भातील आद्य, अग्रगण्य आणि अद्याप अपराजित गुप्तहेर. त्याखाली, चोरी, दरोडा, गूढ गायबगिरी व संशयास्पद सोयरिकी यांचा छडा लावून मिळेल. आणि एकदम खाली बारीक अक्षरात, म्हशीच्या केसेस घेत नाही.”

भावसिंग पेंटरनं लिहिलं नाही, नुसतं ऐकून घेतलं. आज खंडेनवमी होती. त्याचे सगळे ब्रश घरी पाटावर हळदकुंकू लावून, डोक्यावर झेंडूचं फूल घेऊन बसले होते. उद्या दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्यांना हात लावायची सोय नव्हती.

“बाकी ठीक हाय भाऊ,” तो म्हणाला. “पण अपराजित?”

“एक तरी केस हरलो का मी?”

हे खरं होतं. घनश्यामरावांची एकही केस आजवर संपलेली नव्हती, आणि न संपलेली केस माणूस हरणार कशी?

घनश्यामराव एसटीत कंडक्टर होते. आया पोराचं वय सांगत, तेव्हा हे पोराचे गुडघे बघत. “माणूस तोंडानं खोटं बोलते, गुडघ्यानं नाही,” असं म्हणून त्यांनी उमरखेडच्या गाडीत मिशी फुटलेली कित्येक हाफ तिकिटं पकडली. त्यातून आपल्याला अंतर्दृष्टी आहे असं त्यांच्या मनानं घेतलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी यवतमाळहून एक भिंग आणलं, बायकोचा मफलर गळ्यात घातला आणि बोरी अरबात गुन्हे होण्याची वाट बघत ते ओट्यावर बसले. भावसिंग त्यांचा मदतनीस का झाला, तर मोटारसायकल त्याच्याकडे होती.

एवढ्यात अर्पिता धावत अंगणात आली. गावातल्या मैनाबाईंची एकुलती एक लेक. नर्सिंग शिकलेली, यवतमाळच्या एका दवाखान्यात दोन वर्षं काम केलेली, एरवी शांत डोक्याची पोरगी. आता तिचं डोकं कुठंच नव्हतं.

“काका, माहा मोबाईल चोरीले गेला!”

घनश्यामरावांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो झाकायला मफलर कामी आला.

“कधी गेला?”

“आत्ताच.”

“भावसिंग, गाडी काढ! चोर अजून फाट्यापलीकडं गेला नसंन.”

किकवर पाय ठेवता ठेवता भावसिंगनं सहज विचारलं, “आत्ताच म्हंजे कधी व बाई?”

“मी आंघोळीले गेलती तवा.”

“आन् आंघोळीले कधी गेलती?”

“सकायी. चहाच्या पहिले.”

ऊन डोक्यावर आलं होतं. भावसिंगनं किकवरून पाय काढला.

इथं वऱ्हाडाबाहेरच्या वाचकासाठी एक खुलासा केला पाहिजे. आमच्याकडं ‘आत्ताच’ हा शब्द काळ दाखवत नाही, माया दाखवतो. गाडी ‘आत्ताच’ गेली म्हणजे तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गेली. अमक्याचं लग्न ‘आत्ताच’ झालं म्हणून आहेर घेऊन जावं, तर दार उघडायला त्याची पाचवीतली पोरगी येते. दारव्ह्याच्या स्टँडवर खुद्द घनश्यामरावांनी उभी हयात ‘आत्ताच येते’ यावर काढली होती.

“याच आत्ताचनं मले बुडवलं, काका,” अर्पिता पायरीवर बसत म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं.

हाँगकाँगात एक म्हातारी होती. धडधाकट, पण विसराळू. क्षणाक्षणाला विचारायची, मी जेवले का, मी औषध घेतलं का. तिच्या लेकीला आईजवळ राहणारं माणूस हवं होतं, आणि नागपूरच्या एजंटनं अर्पिताचं नाव दिलं होतं. म्हातारीला त्यांच्या कँटोनीज भाषेशिवाय दुसरं काही येत नव्हतं. पहिल्या व्हिडिओ मुलाखतीत तिनं विचारलं, “मी जेवले का?” ती सकाळी जेवली होती, हे लेकीनं अर्पिताला सांगितलेलं होतं, आणि आता तिकडं संध्याकाळ झाली होती. अर्पितानं आपल्या गावच्या सवयीनं ‘आत्ताच’ला जो शब्द ठाऊक होता तो ठेवून दिला. म्हातारीनं विश्वास ठेवला आणि रात्रीच्या जेवणाला साफ नकार दिला. लेक भडकली. पण म्हातारीला मुलाखत झाल्याचंच आठवत नव्हतं, म्हणून दुसरी संधी मिळाली.

“थो फोन आज दुपारी येनार हाय. त्याच नंबरवर. तिसरा चान्स नाही म्हणे. धम्मरत्नकाकांनी महिनाभर घासून घेतलं माह्याकडून, आन् आता मोबाईलच नाही.”

धम्मरत्न हाँगकाँगच्या एका हॉटेलात बरीच वर्षं आचारी होते. गावी परतल्यापासून त्यांची कँटोनीज रिकामीच पडून होती. अर्पिता त्यांची पहिली आणि एकमेव विद्यार्थिनी.

“काय घासून घेतलं?” घनश्यामरावांनी भिंग पुसत विचारलं.

“होऊन गेलेलं नेमकं सांगाचं. अगदी या घडीले झालं तर ङाम-ङाम. जरा येळ झाला, पण आजच, तर थाउ-सीन. काल झालं तर खाम-यात. आन् हल्ली, या दिवसांत, असं म्हणाचं तर कान-फाय. म्हातारीले औषध देल्यावर यातला चुकीचा शब्द गेला तर ती दुसऱ्यांदा घेईन, नाही तं घेनारच नाही.”

घनश्यामराव ताडकन उठले. त्यांच्या डोळ्यांत जे चमकलं ते भावसिंगनं पूर्वीही पाहिलं होतं, आणि दर वेळी पेट्रोल त्याचंच गेलं होतं.

“भावसिंग, आपल्या केसेस काहून संपत नाहीत, समजलं का? साक्षीदार ‘आत्ताच’ म्हणते आन् तपास तिथंच मरते. आजपासून या कार्यालयात सगळ्या साक्षी कँटोनीजमधी!”

“पर भाऊ, गावाले कुठी येते कँटोनीज?”

“चार तं शब्द हायेत. लोकाइनं पॅन कार्ड काढलं, हे शिकाले काय होते?”

गुन्ह्याची जागा म्हणजे मैनाबाईंचं घर. तिथं एक अडचण होती. मायलेकींचा अबोला होता. हाँगकाँगचं नाव निघाल्या दिवसापासून मैनाबाई लेकीशी बोलत नव्हत्या. काही सांगायचं झालंच तर गोठ्यातल्या गाईला सांगत आणि अर्पिता ऐकून घेई. तेव्हा मोबाईल गेल्याचं आईला विचारणं अर्पिताला अपमानाचं वाटत होतं, आणि कोणी न विचारता सांगणं मैनाबाईंच्या स्वभावात नव्हतं.

घनश्यामराव उंबरठ्याशी चपला काढून आत गेले. भिंतीशी खंडेनवमीची पूजा मांडली होती. विळे, कुऱ्हाड, फावडं, मागं फवारणीचा पंप, आणि सगळ्यांवर झेंडूचा एवढा ढीग की हत्यारं थंडीनं गोधडी घेऊन निजली आहेत असं वाटावं. तपास कितीही तातडीचा असला तरी संस्कार असतात. घनश्यामरावांनी पूजेला वाकून नमस्कार केला, वरून आपलं एक फूल वाहिलं आणि साक्षीला सुरुवात केली.

“वहिनी, मोबाईल शेवटचा कधी पाह्यला? पन आपल्या भाषेत नाही.” त्यांनी चारही शब्द समजावून सांगितले.

मैनाबाईंनी ज्वारी निवडता निवडता एकदा त्यांच्याकडं, एकदा भिंतीकडं बघितलं.

“ङाम-ङाम,” त्या म्हणाल्या.

“नाही, वहिनी. ङाम-ङाम म्हंजे या घडीले.”

“समजलं मले. ङाम-ङाम.”

“थो सकायीच गेला हाय ना! मंग या घडीले कसा दिसंन? थाउ-सीन म्हणा, थाउ-सीन.”

“तुम्हाले जे म्हणाचं ते म्हणा बाप्पा. मी ङाम-ङामच म्हणीन.”

घनश्यामराव भावसिंगच्या कानाशी लागले. “साक्षीदार इमानदार हाय, पन भाषेत कच्ची हाय. साक्ष रद्द.”

अर्पितानं मैनाबाईंचा बटणांचा फोन घेऊन पुन्हा आपल्या नंबरवर रिंग दिली. रिंग जात होती, आवाज कुठंच येत नव्हता. रात्री अभ्यासाला बसताना तिनंच आवाज बंद केला होता.

“मोबाईलचं तोंड दाबलं हाय,” घनश्यामराव गंभीरपणे म्हणाले. “म्हंजे काम पेशेवर टोळीचं.”

पहिला संशय फकिरावर गेला. फकिराचं चहाचं दुकान, तिथं चार्जिंगचा बोर्ड, आणि बोर्डाला सदैव गावभराचे मोबाईल डुकरीच्या पिलांसारखे लटकलेले.

“फकिरा, या पोरीले शेवटचं कधी पाह्यलं?”

शब्द समजावून झाल्यावर फकिरानं तपेल्यावरून मान वर केली. “ङाम-ङाम.”

“अबे, ती माह्या मांगंच उभी हाय!”

“मंग बरोबरच सांगतलं ना जी.”

बाकावरच्या मंडळींना खेळ भलताच आवडला. कोणी म्हणालं, माह्या सोयाबीनचं मळणीयंत्र कान-फाय येऊन राह्यलं म्हणते, पन येत नाही. भावसिंगला भूक लागली होती. त्यानं परातीकडं बोट दाखवलं. “भजे कवाचे हायेत गा?”

“ङाम-ङाम!” फकिरा छाती काढून म्हणाला.

भावसिंगनं एक भजं तोंडात टाकलं, दोनदा चावलं, मग थांबला.

“खाम-यात,” तो म्हणाला.

त्या दिवसातला हा एकमेव अचूक निष्कर्ष होता, आणि तो मदतनिसानं काढला म्हणून घनश्यामरावांनी त्याची नोंद घेतली नाही. बोर्डावरचे सगळे मोबाईल भिंगातून तपासून झाले. त्यात अर्पिताचा नव्हता. फकिरा निर्दोष सुटला, भज्यांच्या बाबतीत मात्र संशय कायम राहिला.

मग तर्कांची रांग लागली. राळेगावचा एक मुलगा अर्पिताला बघून गेला होता आणि तिनं नकार दिला होता. तर मोबाईल त्यानंच पळवला. भावसिंगनं सांगितलं, त्याचं लग्न होऊन त्याला जुळं झालं आहे, तो स्वतःचा मोबाईल शोधत फिरत असेल. मग घनश्यामराव चौकात उभे राहिले आणि त्यांनी घड्याळाकडं बघितलं.

“हाँगकाँग आपल्याहून अडीच तास पुढं हाय. बरोबर?”

“हो जी.”

“म्हंजे जे इथं व्हाचं हाय, ते तिथं होऊन गेलं. तिथल्या पोलिसाले फोन लावला तं मोबाईल कुठी सापडला थे त्याले आतापासून माहीत असंन!”

भावसिंगनं या वाक्याकडं सगळ्या बाजूंनी बघितलं. त्यात शिरायला दार सापडलं नाही.

“काका,” अर्पिताचा आवाज चिरकला, “म्हातारीच्या जेवनाची येळ झाली म्हंजे तिची लेक फोन लावते. अर्धा घंटा राह्यला असंन. मी त्या दवाखान्यात परत जानार नाही. तिथं मले नर्स म्हणत, आन् भांडे घासाले लावत. हे गेलं तं गेलं सगळं.”

 घनश्यामरावांनी मफलर काढून खिशात ठेवला. पोरगी रडायला लागली की त्यांच्यातला गुप्तहेर मागं सरकायचा आणि सुट्या पैशांसाठी उगीच ओरडलेला, मग पस्तावलेला कंडक्टर पुढं यायचा. पण तो फार वेळ टिकत नसे.

“एकच माणूस उरला,” ते म्हणाले. “धम्मरत्न.”

“काऽऽय?” अर्पिता ओरडली.

“तू गेली की त्याची शाळा बंद. विद्यार्थी एकच, आन् तोच पळाला. हेतू सिद्ध होते.”

धम्मरत्न दारात बसून कांदा चिरत होते. आरोप त्यांनी शेवटपर्यंत ऐकला, कांदा चिरतच.

“कंडक्टर,” ते म्हणाले, “मोबाईल मी नेला असता तं पोरीले महिनाभर कायले शिकवलं असतं? तिले एकच शब्द शिकवला असता, चुकीचा. संपलं.” मग अर्पिताकडं वळले. “घरात पाह्यलं का?”

“सगळं घर पाह्यलं.”

“मायले इचारलं?”

अर्पितानं मान खाली घातली. घनश्यामराव पुढं झाले. “मी इचारलं. रीतसर, कँटोनीजमधी.”

धम्मरत्नांनी सुरी ठेवली, हात धुतले आणि चपला घातल्या. सगळी वरात पुन्हा मैनाबाईंच्या दारात आली. ज्वारी अजून निवडून व्हायची होती.

“वहिनी,” धम्मरत्नांनी विचारलं, “पोरीचा मोबाईल कुठी हाय?”

“पूजेत,” मैनाबाई म्हणाल्या.

 धम्मरत्नांनी झेंडूचा ढीग बोटानं जरा बाजूला केला. विळा आणि कुऱ्हाड यांच्या मधोमध, पाटावर, अर्पिताचा मोबाईल ऐटीत बसला होता. कपाळावर कुंकवाचा टिळा होता. त्याच्यावर जे सगळ्यात टपोरं फूल होतं ते घनश्यामरावांनी वाहिलेलं होतं.

“वहिनी!” घनश्यामराव हादरून म्हणाले. “मंग सांगतलं काहून नाही?”

“तुम्ही कुठी हाय इचारलं का? सकायपासून ‘कधी, कधी’ करून राह्यले. इचारलं तेवढं सांगतलं. तवाही इथून त्याचा कोपरा दिसत होता, ङाम-ङाम सांगतलं, तं म्हणे साक्ष रद्द!”

“पन पूजेत कायले ठेवला, आई?” महिनाभरात पहिल्यांदा अर्पिता गाईला वगळून बोलली.

मैनाबाईंनी सूप खाली ठेवलं. “हत्याराची पूजा करतेत ना आज? बापाचा विळा ठेवला, माही कुऱ्हाड ठेवली. तुह्या पोटाचं हत्यार थेच ना? थो तेवढा उपाशी ठेवू का?” आणि मग, अबोला होता हे आठवून, त्या गोठ्याकडं तोंड करून म्हणाल्या, “जाऊ नोको म्हणते मी. पन जाशीनच तं बिनापूजेच्या हत्यारानं नोको जाऊ.”

अर्पितानं मोबाईलकडं हात नेला आणि मैनाबाई ओरडल्या, “उचलू नोको! उद्या सोनं वाटल्याबिगर पूजेतलं हत्यार हलवाचं नाही.”

“पन फोन आज हाय! आता!”

मैनाबाईंचा चेहरा पडला. बोलणंच नसल्यामुळं मुलाखत आज आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात झेंडूच्या पाकळ्यांखालून पडदा उजळला. हाँगकाँग.

“उचलू नोको,” मैनाबाई म्हणाल्या. “खाली बस, आन् तिथंच बोल.” आणि त्यांनी समई पुढं सरकवली, लेकीचं तोंड दिसावं म्हणून.

अर्पिता जमिनीवर बसली, मोबाईल पंपाला टेकला होता तसाच राहिला, आणि पलीकडं एक सुरकुतलेला, टवटवीत चेहरा आला. तो काहीतरी जोरात ओरडला.

“काय म्हणते?” घनश्यामरावांनी धम्मरत्नांच्या कानात विचारलं.

“म्हणते, सगळं लाल दिसून राह्यलं. कुंकू कॅमेऱ्यावर हाय. पन नाराज नाही. त्यांच्यात लाल शुभ.”

लेक मात्र नाराज होती, तिला तोंड बघायचं होतं. धम्मरत्न पुसायला पुढं झाले तर मैनाबाईंनी त्यांचा हात अडवला. कुंकू पुसायचं नसतं. त्यांनी पदराच्या टोकानं ते अलगद खाली सरकवलं, जसं लहान लेकराच्या कपाळावरचं ओघळलेलं सारखं करतात तसं.

लेकीनं म्हातारीला गोळी दिली. म्हातारीनं पाण्याबरोबर ती घेतली आणि विचारलं, “सिक-चो फान मेय आ?” म्हणजे, जेवलीस का? तिकडं हाच रामराम.

अर्पितानं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. तिनं जे खरं होतं ते सांगितलं, “खाम-यात.” काल जेवले. म्हातारी इतकी हसली की लेकीलाही हसू आलं. मग म्हातारीनं विळा कशाचा, फुलं कशाची, तो मफलरवाला माणूस आजारी आहे का, असं बरंच विचारलं. घनश्यामरावांनी मफलर पुन्हा गळ्यात घातला होता.

आणि मध्येच म्हातारी थांबली. तिचा चेहरा रिकामा झाला. “मी औषध घेतलं का?”

लेक मुद्दाम गप्प राहिली. ज्यासाठी महिनाभर घासलं होतं ते हेच.

“ङाम-ङाम! ङाम-ङाम!” घनश्यामराव कुजबुजले. भावसिंगनं आयुष्यात प्रथमच मालकाच्या तोंडावर हात ठेवला.

अर्पिता पडद्याकडं वाकली. “फो-फो, नेय थाउ-सीन सिक-चो येउक.”

आजी, तुम्ही मघाशी औषध घेतलं. आत्ताच नाही, काल नाही, मघाशी. म्हातारीनं मान हलवली आणि ती परत झेंडूकडं वळली. लेकीनं उद्या कळवते म्हणून फोन ठेवला. मैनाबाईंनी काही न बोलता ताट वाढलं, आणि या वेळी ते गाईपुढं ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आपट्याची पानं वाटून झाल्यावर, मैनाबाईंनी पूजेतला मोबाईल स्वतः उचलला आणि अर्पिताच्या हातात दिला. घनश्यामराव सोनं द्यायच्या निमित्तानं आलेच होते. केस सुटल्याचं श्रेय त्यांनी स्वतःकडं ठेवून मदतनिसाचे आभार मानले होते. धम्मरत्न होते. भावसिंग होता.

फोन वाजला. आता आवाज चालू होता, सगळे दचकले.

पडद्यावर म्हातारी एकटीच होती. तिनं अर्पिताकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि विचारलं, “तू कोण?”

 धम्मरत्नांनी डोळे मिटले. अर्पिता मात्र जागची हलली नाही. दवाखान्यात अशी माणसं तिनं पाहिली होती. त्यांच्याशी घाईनं बोलायचं नसतं. ती सावकाश म्हणाली की मी अर्पिता, तुमच्याजवळ राहायला येणार आहे. खाम-यात आपण बोललो. मग खोटं बोलायची सगळी सोय समोर असताना तिनं खरं तेच सांगितलं, की तुम्हाला मी आवडले असं मला वाटलं, पण तुम्ही अजून हो म्हटलेलं नाही.

म्हातारीनं डोकं खाजवलं. आत कुठंतरी बघून लेकीला हाक मारली. लेकीनं काहीतरी सांगितलं. म्हातारी परत वळली आणि तोंडभर हसून एक लांब वाक्य बोलली.

“काय म्हणते? काय म्हणते?” मैनाबाईंनी धम्मरत्नांची बाही ओढली.

“लेक म्हणते, आई, तू हो तं कालच म्हणलं होतं, ये म्हणा तिले. आन् म्हातारी म्हणते,” धम्मरत्नांनी घसा खाकरला, “असं असंन, तं काल आपलं डोकं ठिकाणावर होतं म्हणाचं.”

मैनाबाईंनी पदर तोंडाला लावला. घनश्यामरावांनी ही तारीफ आपलीच समजून मोबाईलला वाकून दोन्ही हात जोडले.